विश्लेषण : प्रशिक्षण झाले, पण कामावर सोबत कोण? बौद्धिक दिव्यांगांच्या रोजगाराचा प्रश्न, दुधनीच्या बाजारातून

तुरीच्या हंगामात दुधनीच्या बाजार समितीत माणसे कमी पडतात. अक्कलकोट तालुक्यातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या गावांतून माल येतो. पोती उतरवायची, माल चाळायचा, लिलाव झाला की तोल करायचा, पोत्यांची तोंडे शिवायची, रिकामा बारदाना मोजून गठ्ठे बांधायचे, दुकानापुढे सांडलेले दाणे झाडून गोळा करायचे. यातल्या काही कामांना ताकद लागते, काहींना हिशेब. पण काही कामे अशीही आहेत, ज्यांना फक्त तेच ते काम न कंटाळता, रोज त्याच पद्धतीने करणारा माणूस लागतो.

असा माणूस गावात असतो. पंचविशीचा असतो, धडधाकट असतो. विशेष शाळेत गेला असेल तर ती अठराव्या वर्षी सुटलेली असते. घरी प्रमाणपत्र असते, त्यावर ‘बौद्धिक दिव्यांगत्व ७५ टक्के’ असे लिहिलेले असते. आणि तो ओट्यावर बसून असतो. त्याला बाजारात कामाला पाठवावे, हे घरच्यांना सुचत नाही आणि आडत्यालाही सुचत नाही. सुचले तरी पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर कोण उभे राहणार, हा प्रश्न उरतो. बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या रोजगाराचे सगळे घोडे या एका प्रश्नापाशी अडले आहे.

टक्केवारी काय सांगते, काय सांगत नाही?

आधी त्या प्रमाणपत्राविषयी. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी ठोक ठरते : सौम्य असेल तर ५०, मध्यम ७५, तीव्र ९० आणि अतितीव्र असेल तर १००. सवलती आणि अनुदान यांसाठी हा आकडा लागतो, तेवढ्यापुरता तो ठीकच आहे. घोळ होतो तो लोक तो उलटा वाचतात तेव्हा. ७५ टक्के दिव्यांग म्हणजे २५ टक्केच उपयोगाचा, असा हिशेब आईवडीलही करतात. प्रत्यक्षात त्या आकड्यावरून तो मुलगा बारदान्याची घडी घालू शकेल की नाही, याचा काहीच अंदाज येत नाही. तो त्याला घडी घालायला शिकवून पाहिल्यावरच येतो.

२०११ च्या जनगणनेत देशात १५ लाखांवर लोकांची नोंद या प्रकारात झाली. घरच्यांनी सांगितलेच नाहीत ते वेगळे.

‘सपोर्टेड एम्प्लॉयमेंट’ म्हणजे नेमके काय?

नेहमीची पद्धत अशी : आधी प्रशिक्षण द्या, तयार झाला की नोकरी शोधा. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत ही पद्धत फसते आणि त्याचे कारण साधे आहे. एका जागी शिकलेले कौशल्य दुसऱ्या जागी नेऊन वापरणे, हेच तिला सर्वांत अवघड जाते. केंद्रातल्या शांत खोलीत लिफाफे चिकटवायला शिकलेली मुलगी दुकानाच्या गोंगाटात तेच काम करू शकेलच असे नाही. शिवाय ‘तयार’ होण्याची रेषा कुणी आखायची? अनेकांची आयुष्ये तयारी करण्यातच संपली.

म्हणून क्रम उलटा केला गेला. आधी खऱ्या मालकाकडे, खऱ्या पगारावर काम मिळवायचे आणि मग त्याच जागेवर शिकवायचे. शिकवणारा माणूस कामगाराबरोबर कामावर जातो. त्याला जॉब कोच म्हणतात. सुरुवातीला तो दिवसभर शेजारी असतो, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून दोनदा. पुढे फक्त फोनवर असतो, पण पूर्ण गायब होत नाही. मुकादम बदलला, कामाची वेळ बदलली, घरात कुणी वारले, की त्याला परत यावे लागते.

या पद्धतीची बीजे अमेरिकेत सापडतात. १९७० च्या दशकात मार्क गोल्ड या संशोधकाने, ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असे समजले जाई, त्या लोकांना सायकलचा ब्रेक सुटे भाग घेऊन जोडायला शिकवले. त्याने शिकणाऱ्याला बदलले नाही, शिकवण्याची रीत बदलली. काम बारीक पायऱ्यांत तोडले आणि बोलणे कमी केले. माणूस अडला तर दोष त्याचा नाही, रीत बदलून पाहा, असे त्याचे म्हणणे होते. १९८६ मध्ये अमेरिकेने पुनर्वसन कायद्यात दुरुस्ती करून सपोर्टेड एम्प्लॉयमेंटला सरकारी पैशाची वाट मोकळी केली. व्हरमाँट राज्याने तर या शतकाच्या सुरुवातीलाच दिव्यांगांच्या वेगळ्या कार्यशाळा बंद करून तो पैसा बाहेरच्या नोकऱ्यांमागे लावला.

पंचवीस चिंचोके

दुधनीत हे कसे दिसेल? समजा, एका आडतीवर रिकाम्या पोत्यांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे आहेत. काम करणाऱ्याला दहाच्या पुढे मोजता येत नाही. बाहेरून पाहणारा म्हणेल, जमणार नाही. जॉब कोच दोन डबे आणि पंचवीस चिंचोके घेऊन येईल. एका पोत्याची घडी झाली की एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात. पहिला डबा रिकामा झाला की सुतळीने गठ्ठा बांधायचा. मोजणी संपली. चूक होत असेल तर ती घडीत आहे, की सुतळीच्या गाठीत, की मध्येच कुणी हाक मारल्यावर लक्ष उडते म्हणून, हे कोच पाहील आणि तेवढीच पायरी पुन्हा शिकवेल.

कायद्याच्या भाषेत याला ‘वाजवी सोय’ म्हणतात. शब्द ऐकून मालकाच्या डोळ्यांपुढे रॅम्प आणि लिफ्टचा खर्च येतो. इथे खर्च चिंचोक्यांचा आहे.

भाषेचा मुद्दा या भागात खास लक्षात घ्यायला हवा. दुधनीत अनेक घरांत कन्नड, शाळेत आणि कचेरीत मराठी, बाजारात दोन्ही. इतरांना या दोन भाषांतली ये-जा सहज जमते. बौद्धिक दिव्यांग कामगाराला सकाळी मालकाने मराठीत ‘बांध’ म्हटले आणि दुपारी हमालाने तेच कन्नडमध्ये सांगितले, तर ती त्याच्यासाठी दोन वेगळी कामे होतात. त्याला सूचना एकाच भाषेत, शक्यतो घरच्या भाषेत आणि एकाच माणसाने द्यायची, हे ठरवून घ्यावे लागते. सोलापुरातून किंवा पुण्यातून पाठवलेला, कन्नड न जाणणारा कोच इथे उपयोगाचा नाही. कोच गावातलाच हवा. बारावी झालेली, माणसांत मिसळणारी, चिकाटीची मुलगी किंवा मुलगा काही महिन्यांत हे काम शिकू शकतो.

आणि प्रत्येकाला बाजार समितीतच ढकलायचे, असाही आग्रह नको. स्वमग्न व्यक्तीला लिलावाचा कल्लोळ सहन होत नसेल, तर तिच्यासाठी किराणा दुकानामागच्या खोलीत पुड्या भरण्याचे काम बरे. कुणाला पाण्यात हात घालायला आवडते, त्याला हॉटेलातले कपबशा धुण्याचे काम जमेल. माणूस आधी पाहायचा, काम नंतर.

महाराष्ट्रात काय झाले आहे?

पाटी कोरी नाही. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून आहे. पुण्यात ‘कामायनी’ने १९६४ पासून शाळेबरोबर उद्योग केंद्राची वाट चोखाळली. बदलापूरच्या ‘आधार’सारखी संस्था पालकांनीच उभी केली. ‘आमच्या मागे याचे काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांनी दुसऱ्या कुणी उत्तर द्यावे याची वाट पाहिली नाही. कोल्हापूरच्या ‘चेतना’सारख्या संस्थांनी मुंबई-पुण्याबाहेर हे काम रुजवले.

राज्यात अनुदानित कर्मशाळाही आहेत. तिथे पणत्या, राख्या, फायली, मेणबत्त्या, कागदी पिशव्या तयार होतात. कर्मशाळेने दिवसाला आकार दिला, सोबत दिली, घरच्या बाईला चार तास मोकळे केले. हे छोटे काम नाही. पण राखी विकली जाते रक्षाबंधनाला, पणती दिवाळीला, आणि घेणारा ती बऱ्याचदा दयेने घेतो. वर्षभराचा पगार त्यातून निघत नाही. शिवाय कर्मशाळेतून बाहेरच्या नोकरीत जाण्याचा दरवाजा फार थोड्यांसाठी उघडतो. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने २०२२ मध्ये अशा वेगळ्या कार्यशाळांना खुल्या रोजगाराचा पर्याय मानू नये, असे स्पष्ट सांगितले. भारताने त्या करारावर २००७ मध्येच शिक्कामोर्तब केले आहे. तरी उद्या उठून कर्मशाळांना टाळे लावा, असे कुणी म्हणू नये. बाहेर दुसरे काही उभे नसताना ते क्रूर ठरेल.

गेल्या काही वर्षांत दिसू लागली ती कॅफे आणि हॉटेले. जुहूचे ‘कॅफे अर्पण’ २०१८ मध्ये सुरू झाले. ‘मिट्टी कॅफे’ची सुरुवात २०१७ मध्ये झाली ती हुबळीत, म्हणजे महानगरात नव्हे. पुढे २०२३ मध्ये तिची शाखा थेट सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात उघडली. ‘लेमन ट्री’ हॉटेलांनी आधी मूकबधिर आणि पुढे डाऊन सिंड्रोम असलेल्या कर्मचाऱ्यांना नेहमीच्या कामांत सामावून घेतले. हॉटेलवाल्यांनी काम आणि माणूस यांची जोडी नीट जुळवली की धंदा बुडत नाही, एवढे यातून दिसले.

मात्र या उदाहरणांचा एक तोटाही आहे. ‘दिव्यांगांचा रोजगार म्हणजे कॅफे’ असे चित्र तयार होते. दुधनीत कॅफे चालणार नाही. तिथे चालते ती आडत, किराणा, पिठाची गिरणी, स्टेशनजवळचे हॉटेल, मंगल कार्यालय. रेल्वेने थोडे पुढे गेले की गाणगापूर, मागे आले की अक्कलकोट. दोन्हीकडे भाविकांचा ओघ, म्हणजे स्वयंपाक, पत्रावळी, फुले, प्रसादाची पाकिटे. लहान गावात एक सोय महानगरात नसलेली असते : मालक, कामगार आणि त्याचे घर एकमेकांना ओळखत असतात. मुलगा वाट चुकला तरी चौकातला पानवाला त्याला घरी आणून सोडतो.

कायदा कुठे थांबतो?

१९९५ च्या कायद्याने बौद्धिक दिव्यांगत्वाला दिव्यांगत्व मानले, पण नोकरीतल्या ३ टक्के आरक्षणात या लोकांना वाटाच ठेवला नाही. तो अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग गटांत वाटला गेला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने आरक्षण ४ टक्के केले आणि त्यातला १ टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व या सगळ्यांना मिळून दिला. सरकारी पद म्हटले की शैक्षणिक अट आली. त्यामुळे या एका टक्क्यातही मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाच्या हाती फारसे काही लागत नाही. खासगी क्षेत्रात तर सक्तीच नाही. मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत यासाठी सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावे, तेही आर्थिक कुवतीनुसार, एवढेच कलम ३५ म्हणते.

याच कायद्याचे कलम १९ फार कमी वेळा वाचले जाते. बौद्धिक, विकासात्मक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी खास कौशल्य प्रशिक्षण असावे आणि त्याचा बाजाराशी सक्रिय दुवा असावा, असे ते सांगते. प्रशिक्षण आले, पण दुवा आला नाही. कारण दुवा ही योजना नसते, ते माणूस असतो आणि त्याला पगार द्यावा लागतो. जॉब कोच हा शब्द या कायद्यात कुठेच नाही.

पैसा कुठून येईल?

नवा निधी मागण्याआधी असलेला पाहावा. महाराष्ट्रात नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. दुधनीलाही नगर परिषद आहे. हा निधी राज्यभर बहुधा वर्षातून एकदा थोडी थोडी रक्कम वाटण्यात किंवा साहित्य देण्यात जातो. वाटपाला कुणाची हरकत नसते, फोटोही निघतो. पण त्याच निधीतून एका स्थानिक कोचचे मानधन काढता येईल. लहान नगर परिषदेची ५ टक्के रक्कम मोठी नसते, हे मान्य. मग अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी या तालुक्यातल्याच तीन नगर परिषदांनी मिळून एक कोच ठेवावा. वर्षभरात त्याने सहा-सात जणांना कामावर स्थिर केले तरी हा खर्च दरवर्षीच्या वाटपापेक्षा जास्त दिवस टिकेल.

हंगाम हा मोठा अडथळा आहे आणि तो झाकून चालणार नाही. तूर, हरभरा संपला की बाजार समिती सुस्तावते. हमालालाही तेव्हा पुरेसे काम नसते, मग याला कोण देणार? त्यामुळे कोचला प्रत्येकासाठी दोन जागा शोधाव्या लागतील, एक हंगामातली, एक पावसाळ्यातली. नवी जागा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शिकवणे आले. ज्यांना बदल सहन होत नाही, त्यांच्यासाठी बाजार समिती सोडून बारमाही हॉटेल किंवा गिरणीच पाहावी लागेल.

मजुरी कुणाच्या हातात?

बौद्धिक दिव्यांग माणसे काम करत नाहीत, हे तसे अर्धसत्यच. शेतात, गोठ्यात, घरात ती राबतातच. फरक एवढा की त्यांना मजुरी नसते. ‘दोन वेळचे जेवण मिळते की’ असे म्हणून वर्षानुवर्षे पाणी भरून घेणारे नातेवाईक आणि दुकानदार प्रत्येक गावात सापडतील. कायद्यानेही कधी काळी याला वाट ठेवली होती : १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २६ मध्ये दिव्यांग कामगारांना किमान वेतनाच्या तरतुदीतून वगळण्याची मुभा सरकारला होती. काम कमी वेगाने होत असेल तर नगावर मोजा किंवा तास कमी करा, पण दर तोच ठेवा. दर पाडण्याची सवय एकदा लागली की ती मोडत नाही. पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात जावेत. आर्थिक व्यवहारात इतरांच्या बरोबरीचा अधिकार कायद्याच्या कलम १३ ने त्याला दिला आहे. पैशाची समज कमी असेल तर घरच्यांनी मदत करावी, पण मालकाने परस्पर काकाच्या हातात पाकीट देऊ नये.

मुलींबाबत पालकांची भीती वेगळी आहे आणि ती खरी आहे. बाजारात स्वच्छतागृह नाही, सोबत बाई नाही, कुणी त्रास दिला तर तिला तो शब्दांत सांगता येईलच असे नाही. म्हणून मुलगी घरातच राहते आणि रोजगाराच्या यादीत बहुतेक नावे मुलग्यांची असतात. यावर उपाय मुलींना न पाठवणे हा नव्हे. त्यांच्यासाठी महिला कोच, बायका काम करतात अशीच जागा, आणि ‘नको’ म्हणायला व घरी येऊन सांगायला शिकवणे, हे कामाच्या प्रशिक्षणाइतकेच आधी करावे लागेल.

कमाई वाढली की मदत बंद?

शेवटची गाठ सरकारनेच बांधलेली आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांगांना दरमहा दीड हजार रुपये मिळत, ते २०२५ मध्ये अडीच हजार करण्यात आले. ही वाढ स्वागतार्हच. पण दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला ५० हजार रुपये. आता हिशेब करा. मुलाला आडतीवर महिन्याला ५ हजार मिळू लागले तर वर्षाचे ६० हजार झाले. त्याच्या एकट्याच्या कमाईने घर मर्यादेबाहेर जाते. आणि काम तर हंगामी आहे. चार महिन्यांनी सुटले तर अनुदान परत सुरू करायला तलाठी, तहसील, उत्पन्नाचा दाखला असे सगळे चक्र पहिल्यापासून फिरवावे लागणार. अशा वेळी ‘नको ते काम, हक्काचे अडीच हजार बरे’ असे एखादी आई म्हणाली तर तिला अडाणी म्हणता येणार नाही. तिचा हिशेब बरोबर आहे.

बौद्धिक दिव्यांग व्यक्तीने स्वतः कमावलेली मजुरी कौटुंबिक उत्पन्नात धरू नये किंवा निदान पहिली दोन वर्षे धरू नये, आणि काम सुटल्यास अनुदान आपोआप पूर्ववत व्हावे, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. राज्यात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. निराधार योजना सामाजिक न्याय विभागाकडे आहे. दोन विभागांनी मिळून एक शासन निर्णय काढायचा आहे, तोही पुढच्या तुरीची पहिली पोती दुधनीत उतरण्याआधी निघाला तर बरे.